अंगठ्याला बांधलेली दोरी

वाचनालयात जाऊन लोकांना हसवायचं, हा काही कुणी लहानपणी ठरवून ठेवलेला धंदा नसतो. ‘मोठेपणी कोण होणार?’ असं विचारलं की डॉक्टर म्हणणारी पोरं असतात, वैमानिक म्हणणारी असतात. ‘लायब्ररीत जाऊन खेळ करणार’ असं म्हणणारं पोर अजून जन्माला यायचंय. जिथे भिंतीवर ‘शांतता राखा’ असं ठळक अक्षरांत लिहिलेलं, तिथेच माणसांना हसवायला जायचं म्हणजे जरा उफराटाच प्रकार. पण पोट काय काय करायला लावत नाही? ते माणसाला कुठेही नेऊन उभं करतं आणि वर म्हणतं, हं, कर सुरुवात.

सावलीवाल्यांना पोटानेच तिथे नेलं. त्यांचा धंदा तसा साधा. एक पांढरा पडदा, त्यामागे एक दिवा, आणि दिव्यासमोर दोन हात. त्या दोन हातांतून बोकड निघायचा, बदक निघायचं, नाकाड्या म्हातारा निघायचा, म्हाताऱ्याची टोपीसुद्धा निघायची. आवाजही तेच काढायचे. तरुणपणी शहरातल्या एका नाट्यगृहात त्यांचा खेळ असे, मोठ्या नाचगाण्याच्या अधेमधे, नटमंडळी कपडे बदलत असताना रिकामी जागा भरायला. भरती म्हणून घेतलेला हा माणूस भलताच भाव खाऊन जायचा. असा हशा पिकायचा की पडद्यामागे दिव्याची काच थरथरायची, असं ते सांगत. त्यातलं निम्मं सोडून द्या, तरी हशा पिकायचा एवढं खरं.

मग नाट्यगृह बंद पडलं. मालकाने तिथे फर्निचरचं दुकान काढलं. जिथे माणसं पोट धरून हसायची तिथे आता सोफे आले, आणि सोफ्यांवर प्लास्टिक असल्यामुळे त्यांच्यावरही कुणी बसेना. सावलीवाले मग वाढदिवसांना जायला लागले. पण वाढदिवसाच्या पोरांना अंधार चालत नाही. एक रडायला लागतं, दुसरं पडद्यामागे येऊन दिवाच हलवतं, तिसऱ्याची आई म्हणते, आटपा हो जरा लवकर, जेवणं खोळंबलीत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते या माणसाने अक्षरशः केलं. घरी येऊन ते बायकोला म्हणत, मी आता हे बंद करतो. बायको म्हणे, बरं. आणि दुसऱ्या दिवशी पडद्याची फाटलेली कड शिवायला बसे.

बायको नाट्यगृहातच कपडे शिवायला होती. दिसायला साधी, बोलायला कमी, पण हातात सुई आली की तिच्यासारखी तीच. एखादी गोष्ट तिने एकदा मनात घेतली की आवाज न करता तडीस न्यायची.

वाचनालयांचा रस्ता त्यांना दाखवला तो पत्तेवाल्याने. हा नाट्यगृहातला जुना जोडीदार, पत्त्यांची जादू करणारा. नाट्यगृह बुडालं तेव्हा सगळ्यांना वाटलं, हा आता उपाशी मरणार. पण गडी चांगला गरगरीत झालेला. रस्त्यात भेटला तेव्हा सावलीवाल्यांनी विचारलं की बाबा रे, तू खातोस कुठलं? तर तो म्हणाला, लायब्ररीचं.

मग त्याने तिथेच एका जिन्याच्या पायरीवर बसून सगळी विद्या सांगितली. शहरात वाचनालयाच्या शाखा आहेत, प्रत्येक शाखेला बालविभाग आहे, आणि बालविभागात पोरं यावीत म्हणून बिचाऱ्या ग्रंथपालबाई जीव टाकत असतात. सुट्टीच्या दिवसांत त्यांना खेळ करणारी माणसं हवी असतात. पण मुख्य कचेरीत जायचं नाही. तिथे गेलात की साहेब म्हणतात, बघू, आणि ते बघणं काही संपत नाही. सरळ शाखेत जायचं. तेही शनिवारी नाही, आडवारी, सकाळी, बाई एकट्या असतात तेव्हा. आधी गुपचूप बसून काहीतरी वाचायचं. मग बोलायचं. बोलताना ‘करमणूक’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. खेळ पाहून मुलं पुस्तकांकडे वळतील, असं म्हणायचं. आणि मुख्य म्हणजे दाराशी एक टेबल मांडायला सांगायचं, त्यावर आपल्या खेळाशी जुळणारी पुस्तकं. बोकडाचा खेळ असेल तर प्राण्यांची, म्हाताऱ्याचा असेल तर आजी-आजोबांच्या गोष्टींची. खेळ संपल्यावर टेबल रिकामं झालं की तू जिंकलास. बाई टाळ्या बघत नाहीत रे, पत्तेवाला म्हणाला, त्या टेबल बघतात. आणि या बाया एकमेकींशी बोलतात. एकीने चांगलं म्हटलं की दुसरी आपणहून बोलावते, आणि एकीने नाक मुरडलं की सगळीकडची दारं बंद.

सावलीवाल्यांना हे सगळं जरा फसवेगिरीचं वाटलं. मी हसवणारा माणूस, मला पुस्तकं खपवायला सांगतोस? असं ते म्हणाले. पत्तेवाल्याने नुसता स्वतःच्या पोटावरून हात फिरवला.

पहिली शाखा बस डेपोच्या मागे होती. बालविभाग तळमजल्यावर, ओलसर वास येणारा, भिंतीला लागून बुटक्या खुर्च्या. तिथल्या बाईंना जुन्या पुस्तकांच्या धुळीने सतत शिंका यायच्या, म्हणून नवराबायको आपापसात त्यांना ‘शिंकणाऱ्या बाई’ म्हणायला लागले. बाई शिंकत शिंकत म्हणाल्या की इथे अंधार करता येतो, खिडक्यांना जाड पडदे आहेत, पण पलीकडच्या खोलीत परीक्षेची मुलं अभ्यास करतात, तेव्हा आरडाओरडा नको. खेळ झाला. पोरं हसली. टेबलही बऱ्यापैकी रिकामं झालं. त्या उन्हाळ्यात आणखी शाखांतून बोलावणं आलं, आणि सावलीवाल्यांचा संसार पुन्हा रुळावर आला.

तेवढ्यात कान गेले. एकदम नाही, कान असे सांगून थोडेच जातात? आधी बारीक आवाज गेले, मग दाराची घंटा गेली, मग बायको दुसऱ्या खोलीतून काय म्हणते ते जाऊ लागलं. डॉक्टरांनी तपासून मान हलवली. कानाचं यंत्र लावलं तर पडद्यामागे दिवा थंड ठेवणारा पंखा कानात घोंगावायचा आणि बाकीचं काहीच कळायचं नाही. म्हणजे खेळाच्या वेळी यंत्र बाजूलाच.

आता तुम्ही म्हणाल, सावल्या करायला कान कशाला हवेत? इथेच तर या धंद्याची खरी गोम आहे. सावलीवाल्याला माणसं दिसत नाहीत. मध्ये पडदा. तो हशावर चालतो. बोकडाने टोपी खाल्ली की बोकडाचं तोंड तसंच उघडं धरून ठेवायचं, हशा चढू द्यायचा, चढला की थांबू द्यायचा, आणि तो ओसरत आला की नेमका तेव्हा हात बदलायचा. लवकर बदललात तर पुढचा विनोद हशात बुडतो, उशिरा बदललात तर माणसं थंड पडतात. सावलीवाल्यांना हशाच ऐकू येईनासा झाला. एका खेळात त्यांनी बोकडाचं तोंड इतका वेळ उघडं ठेवलं की एक मूल म्हणे मोठ्याने विचारू लागलं, तो मेला का?

ते घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. हे लायब्ररीत कळलं तर कोण बोलावणार मला, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.  संध्याकाळी बायकोने पडद्याच्या नाडीची दोरी घेतली, एक टोक त्यांच्या पायाच्या अंगठ्याला बांधलं, दुसरं हातात धरून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली आणि ओढली. ते दचकले. मग तिने हातवारे करून समजावलं. हशा आला की मी दोरी ताणीन. हशा आहे तोवर ताणून धरीन. संपला की सोडीन. आणि आवाज फार चढला तर एक छोटा हिसका.

तेव्हापासून हा खेळ तिघांचा झाला, ते, ती आणि दोरी. बायको पहिल्या रांगेत कडेला बसायची, मांडीवर शिवणाची पिशवी, पिशवीखाली हात. कुणाला ताकास तूर लागली नाही. सावलीवाले पडद्यामागे अनवाणी उभे राहायचे, आणि अंगठा ओढला गेला की त्यांच्या सगळ्या अंगातून आनंद वर चढायचा. कानाने ऐकलेला हशा डोक्यात जातो, पण हा थेट हाडात जातो, असं ते बायकोला म्हणत.

खेळ झाल्यावर बसमध्ये त्यांचा एकच प्रश्न असे, आज कशाला जास्त हसले? बायको सांगायची. आणि तिने न सांगताही दोरीने सांगितलेलं असायचंच. मग ते खेळ बदलत गेले. धंदेवाईक माणूस होते ते. जिथे दोरी सैल, ते काढून टाकायचे. बदकांची मारामारी होती, धपाधप पडापड, ती गेली, कारण दोरी नुसती हलल्यासारखी व्हायची. कुत्रा आणि पोलीस गेला. उरला तो चष्मा शोधणारा म्हातारा, ज्याचा चष्मा कपाळावर असतो आणि तो घरभर शोधत शोधत बायकोच्या जुन्या फोटोपाशी येऊन थांबतो. उरला तो बोकड, जो टोपी खातो आणि मग थंडीत म्हाताऱ्याच्या उघड्या डोक्यावर आपलंच डोकं ठेवून झोपतो. म्हाताऱ्याच्या खेळात दोरी इतकी ताणली जायची की अंगठा दुखायचा. सावलीवाल्यांना स्वतःलाही नवल वाटे, की बुवा आजकालची पोरं भारीच समजूतदार, कशाकशाला हसतात. पण गिऱ्हाईक राजा. त्यांनी तो खेळ आणखी लांबवला.

अशी वर्षं गेली. शिंकणाऱ्या बाई बढती होऊन सगळ्या शाखांच्या बालविभागांच्या प्रमुख झाल्या. त्या दरवर्षी सावलीवाल्यांना बोलवायच्या. पत्तेवाला म्हातारा होऊन आपल्या मुलीकडे दूरच्या गावी गेला. सावलीवाले राहिले.

आणि मग बायको गेली. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली, दुपारी बरं वाटतंय म्हणाली, आणि संध्याकाळी दवाखान्यात पोचेपर्यंत काही उरलंच नाही. शिलाई मशीनखाली अर्धवट शिवलेला कपडा तसाच राहिला. सावलीवाल्यांनी त्याला हात लावला नाही. त्या सुट्टीत सगळ्या शाखांची बोलावणी होती, ती त्यांनी परत पाठवली. पडदा गुंडाळून कपाटावर ठेवला.

घरात एकटा बहिरा माणूस म्हणजे काय असतं ते बाहेरच्याला कळायचं नाही. बोलायला कुणी नाही, आणि बोललं तरी ऐकू येत नाही. लेक रोज यायची. ही त्यांची एकुलती एक लेक, वजनमापं तपासायच्या खात्यात नोकरीला. दुकानादुकानांतून जाऊन काटे तपासायचे, खोटं माप धरलं की दंड लावायचा. नोकरी स्वभावाला साजेशी होती की स्वभाव नोकरीने घडवला, देव जाणे, पण तिच्या तोंडून ‘साधारण’ हा शब्द कधी कुणी ऐकला नव्हता. नवऱ्याने भाजी कशी झाली विचारलं तर ‘मीठ कमी आहे’ असं सांगणारी. ती म्हणत होती, बाबा, आता आमच्याकडे चला, हे पुरे. जावईसुद्धा भला माणूस होता, त्याने खोलीही रिकामी करून ठेवली होती. पण सावलीवाल्यांना ती खोली दिसायची. त्यात एक खुर्ची, एक खिडकी, आणि आत बसून संपायची वाट पाहणारा एक म्हातारा. त्यांना ते नको होतं. त्यांना पुन्हा पडद्यामागे उभं राहायचं होतं, अंगठ्याला तो ताण लागायला हवा होता. तेवढं एकच उरलं होतं ज्यात आपण जिवंत आहोत असं त्यांना वाटे.

म्हणून ते स्वतः शिंकणाऱ्या बाईंकडे गेले. बाईंनी समोर कागद ठेवला आणि मोठ्या अक्षरांत लिहून सांगितलं की वर्ष मध्ये गेलंय, वरून नवीन माणसं घ्या असा आग्रह आहे, तेव्हा डेपोमागच्या शाखेत एक खेळ करा, मी स्वतः बघायला येईन, आणि मग सगळ्या शाखांचं वर्षभराचं ठरवू. म्हणजे हा खेळ जमला तर काम, नाही जमला तर लेकीकडची खुर्ची.

दोरी धरणार कोण? लेकच. ती रजा टाकून आली. सावलीवाल्यांनी आदल्या दिवशी तिला बसवून शिकवलं. हसले की ताणायची, थांबले की सोडायची. तिने विचारलं, किती जण हसले की ताणायची? निम्मे? की एक जण हसला तरी? सावलीवाल्यांनी कपाळाला हात लावला. तुझी आई कधी मोजत बसली नाही, ते म्हणाले, हशा आला की माणसाला कळतं. लेकीने मान डोलावली, पण तिला ते पटलं नव्हतं. न मोजता कळणाऱ्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता.

शनिवारी सकाळी बालविभाग भरला. बुटक्या खुर्च्या पुरेनात, काही मुलं खाली बसली. खिडक्यांचे पडदे ओढले गेले. शिंकणाऱ्या बाई मागे दाराशी, पुस्तकांच्या टेबलाजवळ उभ्या. लेक पहिल्या रांगेत कडेला, आईच्या जागी. आईची शिवणाची पिशवी मांडीवर घेतली होती, पण तिने दोरी पिशवीखाली लपवली नाही, उघड हातात धरली. लपवायचं काय त्यात, असं तिचं म्हणणं.

दिवा लागला. सावलीवाल्यांनी चप्पल काढली, दोरी बांधली आणि हात वर केले. बोकड आला. म्हातारा आला. बोकडाने टोपी हुंगली, इकडे तिकडे पाहिलं, आणि खाल्ली.

सावलीवाल्यांनी बोकडाचं तोंड उघडं धरलं आणि अंगठ्याकडे मन लावलं. दोरी सैल होती.

असं होतं कधी कधी, त्यांनी मनाशी म्हटलं. नवी पोरं आहेत, तापायला वेळ लागतो. ते पुढे गेले. म्हाताऱ्याने बोकडाला रागावून पाहिलं. सैल. बोकडाने ढेकर दिली. सैल. आता मात्र त्यांच्या कपाळावर घाम आला. दोरी कुठे खुर्चीच्या पायात अडकली असेल, नाहीतर लेकीच्या हातून सुटली असेल. त्यांनी अंगठा आत ओढून पाहिला. लगेच पलीकडून हलकी, सभ्य ओढ आली. आहे बाबा मी, असं सांगणारी. म्हणजे दोरी धड होती आणि धरणारीही जागी होती.

त्यांचा आवाज चढला. घाबरलेला बहिरा माणूस ओरडतो, त्याला ते कळत नाही. एक छोटा हिसका आला. त्यांनी आवाज उतरवला. मग चष्मा शोधणारा म्हातारा आला, आणि सावलीवाल्यांना धीर आला, कारण इथे कधी दगा झाला नव्हता. म्हातारा उशीखाली पाहतो, मडक्यात पाहतो, बुटात पाहतो. चष्मा कपाळावर. त्यांनी हात स्थिर धरले आणि वाट पाहिली. बोटं थरथरायला लागली, पडद्यावरचा म्हाताराही थरथरायला लागला. अंगठ्याला काही लागलं नाही. म्हातारा फोटोपाशी आला, थांबला. काही नाही. शेवटी त्यांनी हात खाली घेतले, पडद्यावर नुसता कोरा उजेड राहिला, आणि तेवढ्यात दोरी खाडकन ताणली गेली. हसण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. त्यांना काय करावं ते सुचेना. ते तसेच उभे राहिले, दोरी सैल झाली, आणि त्यांनी उरलेला खेळ कसाबसा उरकला.

दिवे लागल्यावर ते पडद्याबाहेर आले. मुलं टाळ्या वाजवत होती ते त्यांना दिसलं, पण टाळ्या काय, वाजवायला सांगितल्या की वाजतात. ते थेट लेकीपाशी गेले. यंत्र कानाला लावायचंही त्यांना सुचलं नाही. दोरी अडकली होती का, त्यांनी विचारलं. लेकीने मान हलवली, नाही. मग ती त्यांच्या कानाशी वाकली.

“हसलंच नाही कुणी, बाबा. एकदाच हसले, तो मागचा मुलगा खुर्चीवरून पडला तेव्हा.”

सावलीवाले बुटक्या खुर्चीवर बसले. गुडघे छातीशी आले. आपला खेळ संपला, हे त्यांना स्वच्छ दिसलं. बायको गेली आणि हात आंधळे झाले. हीच पोरं, हीच खोली, हाच म्हातारा, आणि वर्षानुवर्षं ज्याला हशा पिकला त्याला आज काही नाही. दुःखाने सावल्या जड झाल्या असणार. पोरांना ते कळतं. त्यांना लेकीकडची खिडकी दिसायला लागली.

शिंकणाऱ्या बाई टेबलाकडून आल्या. टेबल रिकामं झालं होतं, पण सावलीवाल्यांनी तिकडे पाहिलंच नव्हतं. बाई त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि बोलू लागल्या. ओठ हलत होते, मध्येच शिंक, पुन्हा ओठ. सावलीवाल्यांना काही उमजेना. त्यांनी लेकीकडे पाहिलं. काय म्हणतायत?

दुसरी कुणी असती तर तिने गाळून सांगितलं असतं. माणूस समोर मोडून बसलाय म्हटल्यावर आपण चार शब्द इकडचे तिकडे करतोच. पण ही वजनमापंवाली. तिने तोंड त्यांच्या कानाशी नेलं आणि लायब्ररीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात शब्दाला शब्द सांगितला.

“त्या म्हणतायत, अगदी नेहमीसारखा झाला. म्हणतायत, तुमच्या खेळाला मुलं कधीच हसत नाहीत, म्हणून तर त्या तुम्हाला बोलावतात. हसवणारे खूप मिळतात. तुमच्या खेळात मुलं श्वास धरून बसतात, आणि मग पुस्तकं नेतात. सुरुवातीला तुमचाही खेळ इतरांसारखा होता, पुढे तो बदलला. हसायची ती फक्त आई. तोंडावर रुमाल धरून.”  लेकीलाही ते पुढे नेणं जड गेलं. पण तिने नेलं. “वर्षभर सगळ्या शाखा तुमच्या, म्हणतायत.”

सावलीवाल्यांनी बाईंकडे पाहिलं आणि मान डोलावली. येईन, म्हणाले. दुसरं म्हणण्यासारखं होतं तरी काय? हेच मागायला तर आले होते. बाईंना वाटलं, आनंदाने डोळे भरले. त्यांनी सावलीवाल्यांचा हात दाबला आणि त्या शिंकत निघून गेल्या.

दोघं बस थांब्यावर येऊन बसले. पडद्या-दिव्याची पेटी दोघांच्या मध्ये ठेवली. सावलीवाल्यांनी यंत्र कानाला लावलं. त्यांना बायकोचा राग आला होता, खराखुरा राग, जिवंत माणसावर येतो तसा. इतकी वर्षं फसवलंस. बसमध्ये विचारलं तेव्हाही फसवलंस. कशाला हसले म्हणून विचारलं की सांगायचीस, म्हाताऱ्याला. पोरं नव्हती हसत. तू हसत होतीस. बदकं तुला आवडत नव्हती म्हणून बदकं गेली. कुत्रा तुला आवडत नव्हता म्हणून कुत्रा गेला. मी मूर्खासारखा एकेक काढत गेलो, आणि शेवटी जो उरला तो सगळा खेळ तुझ्या एकटीच्या पसंतीचा. खोली भरलेली असायची आणि मी खेळ करत होतो एका माणसासाठी. ते माणूस गेलं. आता म्हाताऱ्याने चष्मा कुणासाठी शोधायचा?

 मग लेक म्हणाली की आईने दोरी खोटी ओढली नसेल. घरी तुम्ही भिंतीवर सराव करायचात ना, तेव्हाही ती शिवण थांबवून हसायची. तुम्हाला ऐकू यायचं नाही. मला यायचं.

सावलीवाल्यांनी मान डोलावली. ते त्यांना पटलं, आणि पटल्यामुळे जास्त लागलं. राग धरून बसायची सोयही राहिली नाही.

“पुढच्या खेळाला मी ओढीन,” लेक म्हणाली. “आई ओढायची तिथे तिथे. तुम्ही फक्त सांगा कुठे कुठे.”

त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. जिने आयुष्यात कुणाला गुंजभर जास्त दाखवू दिलं नाही, ती हे म्हणत होती. तिचा चेहरा लाल झाला होता. तिला हे म्हणायला किती जड गेलं असेल ते त्यांना कळलं, आणि त्यांना तिच्याविषयी फार माया वाटली.

“नको, बाळ,” ते म्हणाले. “खोटी ओढ आता मला कळेल.”